एक मिलिमीटरची फट : एका गाजलेल्या आकड्याची उलटतपासणी

घरांचं इन्सुलेशन, हवाबंदपणा, छपराखालच्या खोल्या या विषयावर काहीही वाचायला घ्या, दोन आकडे हमखास भेटतात. पहिला : एक मिलिमीटरची फट राहिली तर इन्सुलेशन ४.८ पटींनी निकामी होतं. दुसरा त्याचाच जुळा भाऊ : त्याच फटीतून १६०० पट जास्त बाष्प जातं. माहितीपत्रकांत, प्रशिक्षणाच्या स्लाइड्समध्ये आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणातही हे दोघे ठाण मांडून बसलेले असतात.

आज या आकड्यांचं परीक्षण करू. ते खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते असं, की हे आकडे एका प्रश्नाचं चांगलं उत्तर आहेत आणि गेली तीसेक वर्षं ते भलत्याच प्रश्नाला चिकटवले जातायत. संशोधनाची तयारी करणाऱ्याला हा फरक ओळखता आला पाहिजे. तो ओळखायला भारी सॉफ्टवेअर लागत नाही, अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आणि एक कोरा कागद पुरतो.

आधी माळा समजून घेऊ

आपल्याकडे कोकणातल्या कौलारू घराचा माळा हवा खेळती राहावी असाच असतो. कौलांच्या फटीतून धूर आणि उकाडा निघून जातो, ते बरंच असतं. जर्मनी किंवा ब्रिटनमध्ये गणित उलटं. तिथे उतरत्या छपराखालची रिकामी जागा राहण्याची खोली करून घेतात. वाशांच्या मधे इन्सुलेशन भरतात, त्याच्या आतल्या बाजूला बाष्परोधक पडदा लावतात आणि वरून जिप्सम बोर्ड ठोकतात. छप्पर खाली जिथे फार बुटकं होतं तिथे मीटरभर उंचीची एक भिंत उभी करतात. तिच्यामागे, वळचणीकडे, एक अंधारी पोकळी उरते. ही पोकळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढा खर्च करूनही हिवाळ्यात अनेकांची तक्रार असते : खोलीत गार वारा लागतो, पाय गारठतात. मग कुणीतरी हा आकडा पुढे करतं आणि सांगतं, फटी बुजवा, टेप लावा. कधी उपाय लागू पडतो, कधी नाही. आणि फट राहून गेली तर प्रश्न नुसत्या थंडीचा राहत नाही. खोलीतली दमट हवा आत शिरून वासे कुजू शकतात, आणि ते बोर्डामागे असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाहीत. आकडा नीट वाचण्यावर घराचं छप्पर अवलंबून आहे ते असं.

आकडा आला कुठून

मापन श्टुटगार्टच्या इमारत-भौतिकी संस्थेतलं आहे आणि ते 'डॉइचे बाउत्साइटश्रिफ्ट' या जर्मन नियतकालिकाच्या डिसेंबर १९८९च्या अंकात आलं. ते ज्या रूपात आज उद्धृत होतं, ते रूप असं :

- नमुना १ मीटर × १ मीटर, इन्सुलेशनची जाडी १४ सेंटिमीटर.
- आत २० अंश, बाहेर उणे १० अंश सेल्सिअस.
- दोन्ही बाजूंच्या दाबात २० पास्कलचा फरक. सोबत टीप : म्हणजे वाऱ्याची ताकद २ ते ३.
- फट नसताना यू-व्हॅल्यू (दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता निसटते) ०.३०. एक मीटर लांब, एक मिलिमीटर रुंद फट ठेवल्यावर १.४४. भागाकार ४.८.
- बाष्प : पडद्यातून झिरपून दिवसाला दर चौरस मीटरला ०.५ ग्रॅम, फटीतून दिवसाला दर मीटर लांबीला ८०० ग्रॅम. भागाकार १६००. इथला पडदा बाष्पाला ३० मीटर स्थिर हवेइतका अडथळा करणारा.

मी परीक्षण करतेय ते आकड्याच्या या रूपाचं, कारण वापरलं जातं ते हेच.

पहिली तपासणी : दोन्ही आकडे एकमेकांना ओळखतात का?

एकाच प्रयोगातून दोन आकडे आले असतील तर ते आपसात जुळायला हवेत. कुठल्याही शोधनिबंधावर करता येणारी ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

उष्णतेकडून सुरुवात करू. फटीमुळे वाढलेली यू-व्हॅल्यू १.१४. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण ०.३३ वॅट-तास लागतात. १.१४ भागिले ०.३३, म्हणजे तासाला सुमारे ३.५ घनमीटर हवा फटीतून जात असावी.

आता बाष्पाकडून. आतल्या हवेची आर्द्रता ५० टक्के धरू. २० अंशांच्या अशा हवेत दर घनमीटरला ८.६ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. दिवसाला ८०० ग्रॅम न्यायचे तर साधारण ९३ घनमीटर हवा लागेल. तासाला ३.९.

३.५ आणि ३.९! दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळपास एकाच दारात पोचलो. आता ०.५ ग्रॅमही पडताळून पाहू. आत बाष्पदाब सुमारे ११७० पास्कल, बाहेर (८० टक्के आर्द्रता धरून) सुमारे २१०. हा फरक ३० मीटर स्थिर हवेवर पडला तर दिवसाला अर्धा ग्रॅमच्या किंचित वर उत्तर येतं. तेही जुळलं.

म्हणजे प्रयोग आतून सुसंगत आहे. हे आधी मान्य करायचं आणि मगच टीकेला हात घालायचा. टीका म्हणजे दोष काढणं अशी समजूत असते. पण ज्याचं बरोबर आहे ते कुठवर बरोबर आहे हे सांगणं, हा टीकेचा अधिक कष्टाचा भाग.

दुसरी तपासणी : २० पास्कल कुठल्या घरात असतात?

आधी ती टीप, 'वाऱ्याची ताकद २ ते ३'. वाऱ्याचा पूर्ण दाब काढायचं सूत्र शाळेतलंच आहे : अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. हवेची घनता १.२ धरली तर २० पास्कलसाठी सेकंदाला ५.८ मीटर वेग लागतो. ब्यूफर्ट मोजपट्टीत ताकद ३ ही ५.४ मीटरलाच संपते. म्हणजे ५.८ मीटरचा वारा ताकद ४ मध्ये मोडतो. तोही पूर्णच्या पूर्ण त्या एका थरावर पडला तर. प्रत्यक्षात वाऱ्याचा दाब समोरची बाजू, मागची बाजू, कौलं, आतले थर यांत वाटला जातो. टीप जरा सढळ हाताने लिहिलेली दिसते.

वारा नसताना काय होतं? तेव्हा चिमणी-परिणाम काम करतो. आतली ऊबदार हवा हलकी, ती वर चढते आणि माळ्यावरून बाहेर पडू बघते. दर मीटर उंचीला, दर अंश फरकाला साधारण ०.०४ पास्कल. घर ८ मीटर उंच आणि आत-बाहेर २० अंशांचा फरक असेल तर एकूण ६.४ पास्कल होतात. हा दाब वर-खाली वाटला जातो, म्हणून माळ्याच्या वाट्याला साधारण निम्मा, ३.२ पास्कल येतो.

मग २०च्या जागी ३.२ पास्कल घालून बघू. गळतीचा प्रवाह दाबाच्या साधारण ०.६५ घाताने बदलतो असं धरायची रीत आहे. त्या हिशोबाने प्रवाह ३० टक्क्यांवर येतो, तासाला एक घनमीटरच्या आसपास. यू-व्हॅल्यू होते ०.६५. म्हणजे ४.८ पट नव्हे, सव्वादोन पटीच्याही आत.

दुप्पट उष्णता जाणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. पण दुप्पट आणि जवळजवळ पाचपट यांत फरक आहे. आणि या दुपटीतही दर चौरस मीटरमागे एक मीटर उघडी फट गृहीत धरलेली आहे, कारण नमुनाच तसा होता. छपराचा उतार ४० चौरस मीटर असेल तर ४० मीटर लांबीची फट हवी. एखाद्या गलथान कामात ती असेलही. पण ती मोजावी लागेल. नुसती धरून चालायचं नाही.

तिसरी तपासणी : भाजकाकडे बघा

१६०० हा आकडा डोळे दिपवणारा आहे, कारण तो भागाकार आहे. आणि भागाकार मोठा करायचे दोन मार्ग असतात : अंश वाढवा, नाहीतर भाजक घटवा.

इथे भाजक आहे ०.५ ग्रॅम, तो ३० मीटरवाल्या घट्ट पडद्याचा. त्याऐवजी २ मीटरचा पडदा लावला तर झिरपणारं बाष्प १५ पट वाढून साडेसात ग्रॅमच्या आसपास जाईल. फट तीच, ८०० ग्रॅम तेच, पण भागाकार १६०० वरून थेट १०७ वर! फटीत काडीचाही बदल न करता ती पंधरापट 'सुधारली'. फटीच्या वाईटपणाबरोबरच पडद्याचा चांगलेपणाही या आकड्यात शिरलेला आहे, आणि तो शिरलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही.

दुसरी गंमत एककांची. भाजक दर चौरस मीटरला, अंश दर मीटर लांबीला. नमुना एक बाय एक होता म्हणून हे खपून गेलं. इतर कुठल्याही मापाच्या छपरावर हा भागाकार तसाच उचलून लावता येत नाही.

आणखी एक घसरण सांगण्या-ऐकण्यात होते. ८०० ग्रॅम हे वाहून नेलेलं बाष्प आहे, साचलेलं पाणी नव्हे. उणे १० अंशांपर्यंत गार झालेली हवाही दर घनमीटरला दोन ग्रॅमच्या थोडं वर बाष्प धरून ठेवते. म्हणजे फार तर तीन-चतुर्थांश बाष्प वाटेत उतरू शकेल, बाकीचं बाहेर निघून जाईल. 'दिवसाला ८०० ग्रॅम पाणी छपरात साचतं' असं वाक्य दिसलं तर लेखकाने मूळ शब्दाकडे लक्ष दिलेलं नाही असं समजा.

तरीही न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे : ३.२ पास्कलला, २ मीटरच्या पडद्याशी तुलना केली तरी फटीतून जाणारं बाष्प दिवसाला २४० ग्रॅम, म्हणजे तीसेक पट जास्तच राहतं. छपराला धोका झिरपण्यापेक्षा गळतीचा मोठा, हा मूळ निष्कर्ष आपण एवढं ठोकून पाहिलं तरी हलला नाही. दिशा पक्की आहे. पटींचा आकडा मात्र त्या एका नमुन्याचा आहे, आपल्या घराचा नव्हे.

चौथी तपासणी : नमुन्यातली फट आणि घरातली वाट

माझ्या मते सगळ्यात गंभीर आक्षेप इथे आहे, आणि तो आकड्याला दोन्ही बाजूंनी लागतो.

एक मिलिमीटर रुंद, एक मीटर लांब मोकळ्या भोकातून २० पास्कलला साध्या सूत्राने तासाला साडेबारा घनमीटरच्या आसपास हवा जायला हवी. प्रयोगातून आपण काढली साडेतीन. बाकीची कुठे गेली? एक कारण उघड आहे : फटीमागे १४ सेंटिमीटर इन्सुलेशन होतं, ते हवेला अडवतं. दुसरं सूक्ष्म आहे : जाता जाता हवा आपली थोडी उष्णता त्या तंतूंना देते, त्यामुळे उष्णतेवरून काढलेला प्रवाह थोडा कमीच दिसतो. आता खऱ्या माळ्यावर फटीमागे इन्सुलेशन नसून रिकामी पोकळी असेल तर? त्या बुटक्या भिंतीमागची? तिथे तीच फट प्रयोगापेक्षा जास्त गळेल. म्हणजे हा आकडा काही ठिकाणी अतिशयोक्ती करतो, तर काही ठिकाणी चक्क कमी सांगतो.

दुसरी गोष्ट, गार वारा लागण्याची. चिमणी-परिणामात हवा माळ्यावरून बाहेर जाते, हे आपण पाहिलं. म्हणजे शांत, थंड रात्री वरच्या फटीतून तुमच्या अंगावर वारा यायचं कारणच नाही. ती फट गुपचूप ऊब आणि बाष्प बाहेर नेत असते. मग माळ्यावर लागतो तो वारा कसला? निदान तीन शक्यता आहेत :

१. बाहेर वारा आहे आणि तो फटीतून खरोखर आत येतोय.

२. वारा वळचणीतून बुटक्या भिंतीमागे शिरतो, जमिनीखालच्या तुळयांच्या मधल्या पोकळीतून वाहतो आणि दुसऱ्या वळचणीने निघून जातो. खोलीत तो येतच नाही. इन्सुलेशनला वळसा घालून जमीन तेवढी गारठवतो.

३. छपरातल्या खिडकीची काच थंड असते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन खाली घसरते. फट एकही नाही, वारा मात्र मानेवर.

अंगाला तिन्ही सारखेच लागतात, उपाय मात्र तिघांचे वेगळे. पहिल्याला टेप. दुसऱ्याला वळचणीकडून वारा अडवणं आणि तुळयांच्या मधल्या पोकळ्या बंद करणं. तिसऱ्याला बरी काच किंवा तिच्याखाली रेडिएटर. 'एक मिलिमीटरची फट' फक्त पहिल्याबद्दल बोलते आणि उद्धृत केली जाते तिघांसाठी.

मग पंखा लावून सबंध घराची चाचणी घेतली तर? दारात पंखा बसवून ५० पास्कलचा फरक निर्माण करायचा आणि किती हवा गळते ते मोजायचं, ही ब्लोअर-डोअर चाचणी. पॅसिव्ह हाउसची अट अशी, की या दाबाला तासाभरात घराच्या आकारमानाच्या ०.६ पटीहून जास्त हवा बदलता कामा नये. चाचणी उत्तम आहे. पण तिचा निकाल म्हणजे अख्ख्या घराची बेरीज. गळती माळ्यावर आहे की तळघरात, ते ती सांगत नाही. आणि दुसऱ्या प्रकारचा, वळचण ते वळचण जाणारा वारा तिच्या बेरजेत धड येतही नाही. म्हणून जाणकार तपासनीस पंखा लावण्याआधी आणि लावल्यावर थोड्या वेळाने, असे दोनदा उष्णताचित्र घेतात. घरातली हवा बाहेर खेचल्यावर जो डाग नव्याने पसरला तिथे गळती. जो होता तसाच राहिला तिथे कारण बहुधा वेगळं.

याच्या शेजारी ठेवायचा दुसरा अभ्यास

तुलनेसाठी अमेरिकेतलं एक जुनं काम घेऊ. न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीतल्या जोडघरांवर प्रिन्सटन विद्यापीठाच्या गटाने १९७०च्या दशकात काम केलं. प्रमुख रॉबर्ट सोकोलो. तिथले माळे राहायचे नव्हते, नुसते इन्सुलेशन अंथरलेले होते. गटातल्या जॅन बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांचा १९७८चा निबंध याच माळ्यांवर आहे.

त्यांनी फटीपासून सुरुवात केली नाही, हिशोबापासून केली. इन्सुलेशन एवढं आहे तर माळा अमुक इतका थंड असायला हवा. प्रत्यक्षात तो जास्त ऊबदार निघाला. म्हणजे घरातली उष्णता इन्सुलेशनला बगल देऊन कुठूनतरी वर येतेय. शोधल्यावर वाटा सापडल्या : भट्टीच्या धुराड्याभोवतीची उभी मोकळी जागा, दोन घरांमधल्या भिंतीलगतच्या फटी. इन्सुलेशनची जाडी कितीही वाढवली असती तरी या वाटा उघड्याच राहिल्या असत्या. त्याच प्रकल्पात फ्रँक सिंडेन यांनी एका घराची तापवण्याची गरज दोन-तृतीयांशाने कमी करून दाखवली, अर्थात खिडक्यांसकट अनेक उपाय एकत्र करून.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॅमफर्ड ब्रुक वसाहतीत लीड्सच्या संशोधकांनी असंच केलं. दोन घरांमधल्या पोकळ भिंतीतून उष्णता जातच नाही, असं नियम धरून चालत होते. त्यांनी २००७ मध्ये मोजमापं पुढे ठेवली : पोकळीतली हवा ऊब घेऊन वर जातेय. २०१०च्या इमारत-नियमांत ही भिंत हिशोबात धरावी लागली.

श्टुटगार्टचा प्रयोग विचारतो, 'अशी फट असेल तर किती उष्णता जाईल?' ट्विन रिव्हर्सचा अभ्यास विचारतो, 'हिशोब जुळत नाहीये, उष्णता कुठून जातेय?' दोन्ही प्रश्न हवेत. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्लाइडवर सुबक बसतं, म्हणून तेच प्रसिद्ध झालं. दुसऱ्याला घर लागतं, हिवाळा लागतो आणि न जुळणारा हिशोब तसाच उघडा ठेवायचा धीर लागतो.

तुमच्या कामात याचा उपयोग

विषय कुठलाही असो, पेशी असोत, माती असो किंवा मतदान, प्रस्तावनेत उसना आकडा टाकण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा :

- तू कुठल्या अटींत जन्मलास, आणि माझ्या प्रश्नातल्या अटी त्याच आहेत का?
- तू भागाकार असशील तर तुझा भाजक कुणी निवडला?
- तुझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या आकड्याशी तुझं जुळतं का?
- तू ज्याचं मोजमाप आहेस आणि मी तुला ज्याचा पुरावा म्हणून वापरतोय, त्या दोन गोष्टी एकच आहेत का?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक उसने आकडे अडखळतात. हाही अडखळला. म्हणून तो फेकून द्यायचा नाही. 'श्टुटगार्टच्या एका नमुन्यात, २० पास्कलला, दर चौरस मीटरमागे एक मीटर फट असताना' एवढी शेपटी लावून वापरायचा. वाक्य लांबेल, थोडं बेढब होईल, पण खरं राहील. व्हायव्हाला कुणी विचारलंच, "हे ४.८ कुठून आणलंत?", तर तुमच्याकडे माहितीपत्रकाचं नाव नाही, अख्खा हिशोब असेल.

आणि गणित स्वतः करून बघा. मी इथे ३.२ पास्कल घेतलेत. तुम्ही ५ घेऊन, १० घेऊन करा. कुठल्या दाबाला ४.८चा आकडा तिपटीवर येतो, ते शोधायला दहा मिनिटं लागतील. एखादा निबंध नुसता वाचणं आणि तो तपासणं यांतला फरक त्या दहा मिनिटांत हाताला कळतो.